वहिनीच्या बकरीची पोटफुगी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असे विचारले तर उत्तर एकच आहे: माझ्या थोरल्या वहिनींचे. त्यांचे नाव इथे लिहीत नाही. आमच्या घरात वहिनीला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती आणि आता या वयात ते नाव कागदावर उतरवायला हात धजत नाही.

मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या शाळेतून मॅट्रिक झालो. आमच्या घराण्यात एवढे शिकलेला मी पहिलाच. दादा सुरतेजवळ उधन्याला एका कापड गिरणीत लूमवर, म्हणजे मागावर, होता. त्याने मला सुरतेला बोलावून घेतले ते गिरणीत चिकटवायलाच. खात्यातल्या मुकादमाशी त्याचे बोलणेही झाले होते. मी पोचलो त्या संध्याकाळी वहिनी भाकरी थापत होत्या. तव्यावरची नजर न काढता त्या दादाला म्हणाल्या, "लूमवर तुम्ही एक आहात तेवढं पुरे. भाऊजींना कॉलेजात घाला." दादा हसला. वहिनी हसल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यापासून त्या दुपारच्या वेळी मागच्या गल्लीतल्या एका कारखान्यात सुताच्या बॉबिना भरायला जाऊ लागल्या आणि मी कॉलेजात जाऊ लागलो. त्यांना स्वतःला एक अक्षर येत नव्हते.

बकरी त्यांच्या माहेरची. मी आलो त्याच वर्षी वहिनींचे वडील पॅसेंजर गाडीने लेकीला भेटायला आले होते आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळून एक करडू घेऊन आले होते. तपकिरी अंगाचे, कपाळावर पांढरा ठिपका असलेले. "पोरी, घरात काही बोलणारं असावं," असे म्हणून त्यांनी ते वहिनींच्या ओटीत ठेवले. वहिनींना लग्नाला पाच वर्षे होऊन मूल नव्हते. ते करडू आमच्या खोलीच्या उंबऱ्याशी वाढले. त्याला नाव ठेवले नव्हते. वहिनी "ये माय" म्हणत आणि ते येई. मोठी झाल्यावरही ती बकरी वहिनींच्या पदराचे टोक तोंडात धरून चाळीभर फिरायची. आमच्या चौदा खोल्यांत तेवढे एकच खुराचे जनावर होते.

पुढच्या पावसाळ्यात वहिनींना मोठा ताप आला. एकवीस दिवस अंथरुणावर होत्या. त्यातच त्यांच्या माहेराहून एक पोस्टकार्ड आले. त्याचा एक कोपरा फाडलेला होता. फाडलेल्या कोपऱ्याचे पत्र कशासाठी असते ते आमच्याकडे लहान पोरालाही कळते. वहिनींचे वडील गेले होते. दादाने मला दाराबाहेर घेतले आणि म्हणाला, "आत्ता हे कळलं तर ती हातची जाईल. तू वाच. सगळं खुशाल आहे असं वाच."

मी वाचले. उभा राहून, पोस्टकार्ड डोळ्यांपुढे धरून, तिथे नसलेली वाक्ये वाचली. इकडील सर्व खुशाल. पाऊसपाणी बरे. म्हशीला पारडू झाले. वहिनींनी हात पुढे करून पोस्टकार्ड घेतले आणि बोटांनी त्याच्या कडा चाचपल्या.

"कोपरा का फाटलाय भाऊजी?"

"टपालात फाटला असेल वहिनी."

तेरावा होऊन गेल्यावर दादाने त्यांना खरे सांगितले. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. माझा डबा एकही दिवस चुकला नाही. फक्त एकदा, ताट वाढताना, खाली बघूनच म्हणाल्या, "यांनी सांगितलं असतं तर मी शंका घेतली असती. तुम्ही वाचलंत म्हणून खरं मानलं." माझ्या शिक्षणाचा त्या घराला झालेला पहिला उपयोग हा असा होता.

हे सर्व आधी सांगितले, कारण त्यावाचून पुढचे भय कळणार नाही.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा वहिनींना दिवस गेले. सातव्या महिन्यात त्यांचा भाऊ त्यांना माहेरी न्यायला आला. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बकरीजवळ बसवले आणि एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली. सुबाभूळ किती, बाभळीच्या शेंगा किती. धान्य एका मुठीच्या वर नाही. पावसाळ्यात ओला कोवळा चारा उपाशी पोटी नाही, आधी थोडे वाळलेले गवत. "आणि डाव्या कुशीवर रोज हात ठेवून बघायचं. कूस मऊ लागली पाहिजे. ढोलासारखी वाजली तर समजा वारा धरला. मग गोड्या तेलात हिंग, ओव्याचं कोमट पाणी, चिमूट काळं मीठ. पाजताना..." पुढे त्या काय म्हणाल्या ते मी ऐकले नाही. माझ्या मांडीवर प्राणिशास्त्राची वही होती आणि मी हो हो म्हणत पान उलटत होतो. त्या वहीत बकरीच्याच वर्गातल्या प्राण्याच्या पोटाची आकृती होती, चार कप्पे चार रंगांच्या पेन्सिलींनी रंगवलेले. मला वाटत होते, हे आपल्याला माहीत आहे.

निघताना रिक्षात बसल्यावर त्यांनी मला पुन्हा जवळ बोलावले. "पत्र टाकत जा. आणि भाऊजी, जे असेल तेच लिहा. खोटं खुशाल लिहू नका."

मी त्यांना तसे वचन दिले.

त्या गेल्यानंतर दोन आठवड्यांनी पोळा आला.

गावाकडे पोळा म्हणजे बैलांचा सण. शिंगे रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळीचा घास भरवायचा. उधन्यात आमच्या चाळीतल्या कुणाकडेही बैल नव्हते, पण सण सुटला नव्हता. दरवर्षी कोळशाच्या वखारीवरच्या गाडीवानाचे दोन बैल यायचे आणि चाळीतल्या बायका त्यांना ओवाळायच्या. त्या वर्षी वखारवाल्याने बैल विकून टेंपो घेतला होता. सकाळी चौदा खोल्यांत पुरण शिजले आणि भरवायला जनावर नव्हते.

शेजारच्या खोलीत एक म्हातारी मामी राहत. सगळी चाळ त्यांना मामीच म्हणायची आणि सणावाराचा शेवटचा शब्द त्यांचाच असायचा. त्या घरातही बाहेरही खानदेशची अहिराणीच बोलायच्या. त्यांनीच आमच्या दाराकडे बोट केले. "मुकं जनावर ते मुकं जनावर. खूर शेत ना तिले? मंग झालं तर!" पायाला खूर आहेत एवढे त्यांना पुरे होते.

समोरच्या खोलीतला एक लूमवाला दात घाशीत ओरडला, "वा मामी! बैलाचा मान बकरीला! उद्या कोंबडीवर झूल घाला!"

"तुन्ह्यावर घालसू रे," मामी म्हणाल्या. "तू बी तर बैलच शे."

सगळे हसले. बकरीच्या शिंगांना कुंकू लागले, गळ्यात कागदी फुलांची माळ आली. मी आत वही घेऊन बसलो होतो. चाचणी परीक्षा जवळ होती. मामींनी मला हाक मारून बाहेर काढले आणि माझ्या हातात एक आख्खी पुरणपोळी ठेवली, तुपाने निथळत असलेली. "घरना माणूस तुम्ही. पहिला घास तुमना."

धान्य एका मुठीच्या वर नाही, हे मला त्या क्षणी आठवले. अगदी स्पष्ट आठवले. मी म्हणालो, "मामी, वहिनी म्हणाल्या होत्या की हिला..."

"दखा माय," मामी बायकांकडे वळल्या, "कॉलेजात ग्या आन सण इसरी ग्या."

तो टोमणा मला लागला. त्या चाळीत शिकणारा मी एकटा होतो. माझ्या पँटला इस्त्री असायची, आणि मी त्यांच्यातला राहिलो नाही अशी कुजबुज अधूनमधून कानावर यायची. मला तसे दिसायचे नव्हते. मी बकरीला पोळी भरवली. मग आणखी एक. बकरीने दोन्ही मिटक्या मारीत खाल्ल्या. मग मी आत गेलो आणि दार अर्धे लोटून घेतले. बाहेर एकामागून एक खोलीतला नैवेद्य येत होता, हे मला हसण्यावरून कळत होते. कुणी थांबवा म्हणाले नाही, कारण घरचा माणूस काही म्हणाला नव्हता.

दुपारी तीनच्या सुमारास मला बाहेर दात खाल्ल्यासारखा आवाज आला. कर्र, कर्र. मी बाहेर आलो. बकरी भिंतीशी उभी होती. चारही पाय फाकलेले, मान पुढे ताणलेली. गळ्यातली कागदी माळ लाळेने भिजून तिचा रंग छातीवर उतरला होता. आणि तिची डावी कूस पाठीच्या कण्याच्याही वर आली होती. उजवीकडून बघितले तर बकरी, डावीकडून बघितले तर एक मोठा फुगा. मी हात ठेवला. कातडी ताणून गुळगुळीत झाली होती. बोटाने टिचकी मारली. ढोलासारखे वाजले.

मी आत धावलो. का कोण जाणे, आधी वही उघडली. चार कप्पे होते, निळा, तांबडा, हिरवा, पिवळा. प्रत्येकाखाली माझ्या सुबक अक्षरात नाव होते. त्यात वारा शिरल्यावर काय करायचे ते नव्हते.

गुरांचा दवाखाना शहरात होता आणि तो रविवार होता. दादा पाळीवर होता, सहापर्यंत सुटणार नव्हता. मी स्टोव्ह पेटवला, ओवा उकळला, हिंग तेलात चोळला. घाईत निम्मे तेल फरशीवर सांडले. मामी आल्या, त्यांनी बकरीकडे पाहिले आणि तोंडावर पदर धरला. "आते कसं व्हई रे भाऊ?" सकाळचा त्यांचा आवाज राहिला नव्हता.

"धरा हिला," मी म्हणालो.

मी लहान मुलाला पाजतात तशी बकरीची मान वर केली, तोंड आभाळाकडे, आणि बाटलीने ओव्याचे पाणी ओतले. पहिला घोट गेला. दुसऱ्याला तिला ठसका लागला. तिचे डोळे पांढरे झाले, नाकातून पाणी आले आणि घशातून असा आवाज निघाला की मामी तिला सोडून मागे सरल्या. मी बाटली टाकून दिली. बकरी खोकत होती आणि प्रत्येक खोकल्यागणिक ते ताणलेले पोट हादरत होते. तेव्हा मला वहिनींचे अर्धे राहिलेले वाक्य आठवले. "पाजताना..." पाजताना काय? त्यांनी सांगितले होते, मी तिथेच बसलेलो होतो, आणि मी ऐकले नव्हते. ते वाक्य आता दोनशे मैलांवर होते.

तोवर दारात माणसे जमली होती. समोरचा लूमवाला पुढे आला. या वेळी तो हसत नव्हता. "भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. ही संध्याकाळ काढत नाही. मेली तर फेकावी लागेल. त्याआधी कापली तर चौदा घरांत वाटा जाईल. मी माणूस आणू का?"

"नको," मी म्हणालो.

"मग दाभण आणतो. कुशीत टोचलं की वारा निघतो. आमच्या गावात करत."

"तुम्ही केलंय?"

"पाहिलंय."

"जगली होती?"

तो जाऊन दारातल्या माणसांत उभा राहिला.

रेल्वेच्या कुंपणाकडे एक भरवाडण, म्हणजे गुजराती गवळीण, आपल्या गायी बांधायची. मी तिच्याशी आयुष्यात बोललो नव्हतो. मी तिच्याकडे पळत गेलो आणि मला येत होते तेवढ्या गुजरातीत सांगितले. ती चांदीची कडी खुळखुळवत माझ्यामागून आली, बकरीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "आफरो चड्यो छे. शुं खवडाव्युं?"

पोटात वारा चढलाय, काय खायला घातले, असे तिने विचारले. मामी जमिनीकडे बघत होत्या. "पुरणपोळ्या," मी म्हणालो. "मी सुरुवात केली."

भरवाडणीने कपाळावर हात मारून घेतला. मग ती कामाला लागली. आधी तिने बाटली हातात घेतली आणि बकरीची मान खाली, पाठीच्या रेषेत आणली. मान वर केली की औषध पोटात न जाता छातीत जाते आणि जनावर वाऱ्याने नव्हे, आपल्या हाताने मरते, हे तिने मला गुजरातीत दोनदा सांगितले. हेच ते वाक्य. हेच वहिनी म्हणाल्या असणार. गालाच्या कोपऱ्यातून थोडे थोडे, गिळू देत, तिने अर्धी वाटी हिंगाचे तेल पाजले. मग मला कडुलिंबाची ओली काडी आणायला लावली, अंगठ्याएवढी जाड. ती लगामासारखी बकरीच्या तोंडात आडवी घालून शिंगांमागे दोरीने बांधली. कडू काडी चघळत राहिली की लाळ सुटते, तोंड मिटत नाही आणि ढेकराला वाट राहते. मग तिने बकरीचे पुढचे पाय आमच्या उंबऱ्यावर चढवले, मागचे खाली अंगणात ठेवले, आणि माझे दोन्ही हात धरून डाव्या कुशीवर ठेवले. "खालून वर चोळ. जोरात नाही. थांबू नको. आणि हिला बसू देऊ नको. बसली की गेली."

गायींची धार काढायची वेळ झाली म्हणून ती निघून गेली.

मी चोळत राहिलो. पुढचे दोन तास कसे गेले ते मला आजही क्रमाने सांगता येत नाही. बकरीचे गुडघे वाकायचे आणि मी तिला पोटाखालून हात घालून वर उचलायचो. वर उचलताना ते पोट माझ्या छातीला लागायचे, कडक आणि गरम. तिचा श्वास आखूड होत चालला होता. ती मधेच मान वळवून माझ्याकडे बघायची आणि मी नजर चुकवायचो. माझ्या मनात एकच विचार फिरत होता: वडिलांनी मांडीवर आणलेले करडू. वहिनी आठव्या महिन्यात आहेत. पोस्टकार्डाचा कोपरा. चाळीतल्या दोन बायका दाराशी हळू आवाजात बोलत होत्या की गरोदर बाईने पाळलेले जनावर असे गेले तर ते तिच्या पोटावर येते. मी असल्या गोष्टी मानत नव्हतो. त्या दिवशी मानल्या.

सहा वाजता दादा आला. अंगावर कापसाचा भुगा तसाच. त्याने बकरी पाहिली, मला पाहिले, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "ऐक. हिचं काही खरं नाही. आणूया माणूस. तुझ्या वहिनीला कळवायचं, बकरी विकली. चांगलं गिऱ्हाईक आलं म्हणून विकली. रागावेल, पण जिवाला लावून घेणार नाही."

"मी लिहिणार नाही दादा."

"मग कोण लिहिणार? मला येतं का लिहिता?"

"मी तसं लिहिणार नाही."

"अरे, तिच्या पोटात पोर आहे!" तो ओरडला. त्याचे डोळे भरले होते. दादा दुष्ट नव्हता. मागच्या वेळीही नव्हता. तो घाबरलेला होता, माझ्याइतकाच. मी हात न थांबवता म्हणालो, "मागच्या वेळी तू सांगितलंस ते मी वाचलं. त्या कोपरा चाचपत होत्या तेव्हा तू बाहेर होतास. मी समोर होतो."

दादा उभा राहिला. मग त्याने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि दुसऱ्या बाजूने बकरीला धरले. "सरक. तुझे हात संपलेत."

आम्ही आळीपाळीने चोळले. मामींनी ओव्याचा दुसरा काढा आणला, त्यात सुंठ आणि काळे मीठ घातलेले. या वेळी मी मान खाली ठेवून, गालातून, घोट घोट पाजला. पाजताना माझ्या तोंडून आपोआप "ये माय, ये माय" निघत होते.

दिवेलागणीला चाळीतले दिवे लागले आणि त्याच सुमारास बकरीच्या गळ्याखाली काहीतरी हलले. तिने मान ताणली आणि एक लांब, ओला, पुरणाच्या आंबूस वासाचा ढेकर दिला. दादाच्या थेट तोंडावर. मग दुसरा. मग मागच्या बाजूने असा आवाज झाला की दाराशी उभी असलेली पोरे पळाली.

"झालं!" समोरचा लूमवाला ओरडला. "पोळा फुटला!"

लोक हसले. मामी हसता हसता रडू लागल्या. मला हसू आले नाही. कूस खाली बसली होती, पण पूर्ण नाही. आणि भरवाडणीने जाताना सांगितले होते की ढेकर आला म्हणजे सुटली असे समजायचे नाही. जोवर जनावर रवंथ करीत नाही तोवर ते आपले नाही.

सकाळी बकरी भिंतीशी उभी होती. तिने वाळल्या गवताला तोंड लावले नव्हते. जबडा हलत नव्हता. मी तिच्यासमोर बसून तासभर त्या जबड्याकडे बघत राहिलो. मग आत गेलो आणि निळे आंतर्देशीय पत्र घेऊन लिहायला बसलो. आधी एक लिहिले होते, "इकडील सर्व खुशाल" अशी सुरुवात असलेले, हात सवयीने चालला होता म्हणून. ते फाडून टाकले. दादाने मी काय लिहितो ते विचारले नाही. कामावर निघताना तो फक्त म्हणाला, "दुपारच्या टपालाआधी टाक."

पत्राला आठव्या दिवशी उत्तर आले, वहिनींनी भावाकडून लिहवून घेतलेले, दोन ओळींचे. ओवा चालू ठेवा, ताक पाजा, आणि तुम्हीही जेवत जा. तोवर बकरी रवंथ करू लागली होती. तिसऱ्या दिवशी, सकाळी, काही न झाल्यासारखी. पण पत्र टाकताना मला ते ठाऊक नव्हते. गेल्या दिवाळीत वहिनींच्या मुलीने ते पत्र मला परत आणून दिले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत होते. ते इथे जसेच्या तसे उतरवतो.

*

उधना,
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार.

हे पत्र जे कुणी वहिनींना वाचून दाखवत असतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. इथे जे लिहिले आहे तेच वाचावे. त्यांच्या प्रकृतीकडे बघून काही गाळू नये, बदलू नये. मी एकदा तसे केले आहे.

वहिनी, दर पत्रात मी पहिल्या ओळीत खुशाल लिहितो. आज लिहीत नाही. दादा बरा आहे, मी बरा आहे. बकरी आजारी आहे. काल पोळ्याला चाळीने तिला पुरणपोळ्या भरवल्या. पहिल्या दोन मी भरवल्या. तुम्ही मूठभर सांगितले होते ते मला आठवत होते तरी भरवल्या, कारण लोक काय म्हणतील याची मला भीती वाटली. तिला फार वारा धरला. तुम्ही औषध सांगत होता तेव्हा मी वहीत बघत होतो, म्हणून पाजताना मी तिची मान वर केली आणि तिला ठसका लागला. भरवाडणीने येऊन शिकवले. मान खाली ठेवून हिंगाचे तेल दिले, तोंडात लिंबाची काडी बांधली, कूस चोळली. दादाने माझ्याइतकेच केले. दिवेलागणीला तिला ढेकर आला.

पण आज सकाळपर्यंत तिने रवंथ केलेला नाही. गवत खाल्लेले नाही. ती जगेल की नाही हे मला माहीत नाही. माहीत नसताना बरी आहे असे मी लिहिणार नाही आणि वाईट झाले असेही लिहिणार नाही. ती उभी आहे. मी हाक मारली तर कान हलवते. तुमच्या हाकेला हलवते तसा नाही, पण हलवते.

आणखी काय द्यावे ते ताबडतोब कळवा. या वेळी मी लक्ष देऊन वाचीन आणि तसेच करीन.

तुम्ही माझ्यासाठी बॉबिना भरल्या त्या मला असे लिहिता यावे म्हणून, असे मला आज वाटते. हे मी तोंडाने बोलू शकलो नसतो.

पत्राचे चारही कोपरे शाबूत ठेवून पेटीत टाकतो आहे. तुम्ही हाताने चाचपून बघालच. एखादा फाटलेला लागला तर घाबरू नका. या वेळी तो खरोखरच टपालात फाटला असे समजा.

तुमचा धाकटा दीर